शिसं काढलेली गाडी

मित्रांनो, मी गाडी आहे खरी, पण आयुष्याची पहिली एकोणीस वर्षं माझ्यात बसून कुणी कुठे गेलं नाही. लोक बाजूच्या दाराने चढायचे, चार मिनिटांनी मागच्या दाराने उतरायचे आणि त्याच चौकात उभे असायचे. मी फिरती एक्स-रेची गाडी होते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी चारचौघींसारखीच होते. नंतर माझ्या मधल्या खोलीला आतून शिशाचे जाड पत्रे ठोकले, कारण शिशातून ते किरण बाहेर जात नाहीत. आवाजही फारसा जात नाही, आणि खिडकी नसल्यामुळे उजेड यायचा प्रश्नच नव्हता. पुढच्या भागात वाट बघणाऱ्यांसाठी एक लाकडी बाक होता. लोक म्हणायचे, छातीचा फोटो काढायचाय. फोटो म्हटल्यावर बरेच जण केस विंचरून यायचे. एक गृहस्थ टाय लावून आले होते. तो काढायला लावला तेव्हा म्हणाले, "मग फोटोला अर्थ काय राहिला?"

यंत्र चालवणाऱ्याला सगळे फोटोवाले काका म्हणत. "श्वास घ्या, रोखा, सोडा," एवढंच ते दिवसभर बोलत. एकदा 'रोखा' म्हणाले आणि फोन आला म्हणून बाहेर गेले. आतला माणूस शिस्तीचा होता. त्याला बाकावर आडवं करून पाणी मारावं लागलं. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "आता सोडू का?"

माझी स्तुती एकदाच झाली. खात्याच्या मोठ्या साहेबांनी बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "उपयुक्त वाहन." मग त्यांनी हात पुसला.

पुढे पिशवीतून नेता येतील अशी लहान यंत्रं आली आणि माझी रवानगी जुन्या गाड्यांच्या आवारात झाली. तिथे मी तीन पावसाळे काढले. टायर बसले, रंगाचे पोपडे सुटले, एका मांजरीने इंजिनावर पिल्लं घातली आणि तिलाही जागा आवडली नाही म्हणून ती त्यांना दुसरीकडे घेऊन गेली. शेवटी एका शुक्रवारी आवाराच्या मालकाने माझ्या दारावर खडूने फुली मारली. फुली म्हणजे सोमवारी गॅसकटरवाला येणार आणि माझे तुकडे करणार.

शनिवारी सकाळी ते कुटुंब आलं.

वजनकाटे दुरुस्त करणारा बाप, शिवणकाम करणारी आई, त्यांची अकरा वर्षांची मुलगी आणि आजोबा. बरोबर आईचा भाऊ होता, तो मेकॅनिक. त्यांना गाडी हवी होती, आणि गाडीत घर. सुट्टीपुरतं नव्हे, कायमचं.

कारण आजोबा होते. ते गवंडी. राहतं घर त्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेलं. आता त्याच घरात, स्वतःच्या खुर्चीत बसून ते दिवसातून वीस वेळा म्हणत, "चला, उशीर झाला. घरी जाऊ." मग भिंतीवर बोटाने टकटक करत. "काम चांगलंय. कुणी केलंय?"

"तुम्हीच केलंय, बाबा."

"असं का? मग घरी कधी जायचं?"

आणि कुणाचं लक्ष नसलं की ते खरंच घर शोधायला निघून जात. दोनदा नदीच्या कडेला सापडले. तिसऱ्यांदा सापडतीलच याची खात्री कुणाला नव्हती. दाराला कुलूप लावलं तर रडत. तेव्हा सुनेने ठरवलं की ते जिथे जातील तिथे घरच बरोबर न्यायचं. ही कल्पना शहाणपणाची होती की नाही, मला सांगता येणार नाही. मी गाडी आहे, मला ती आवडली.

निवड करायची सुनेची रीतही ठरलेली होती. आजोबांना प्रत्येक गाडीत एकटं बसवायचं, बाकीच्यांनी बाहेर थांबायचं, आणि ते 'घरी जाऊ' कधी म्हणतात ते नातीने घड्याळावर बघायचं. जिच्यात ते तसं म्हणणार नाहीत, ती आपली.

"ताई, गाडी इंजिन बघून घेतात गं," मेकॅनिक मामा म्हणाला.

"तू इंजिन बघ. मी बाबांना बघते."

पहिली होती शाळेची छोटी बस. चार मिनिटं. दुसरी पावाची गाडी, आत अजून वास होता. आजोबांनी नऊ मिनिटं तो वास घेतला आणि मग म्हणाले, घरी जाऊ. तिसरी घोडे वाहून न्यायची. तिच्यात ते चढलेच नाहीत, आणि मामा म्हणाला की आतापर्यंत घेतलेल्या निर्णयांत हा एकच बरोबर आहे.

मग त्यांनी माझं दार उघडलं.

आजोबा चढले. भिंतीवर टकटक केलं. मधल्या खोलीच्या शिशामुळे आवाज भरीव आला. त्यांनी मान हलवली, बाकावर बसले आणि हात मांडीवर ठेवले. दहा मिनिटं झाली. वीस झाली. नात बाहेरून बोटांनी आकडे दाखवत होती. पन्नास मिनिटांनी सुनेला राहवलं नाही, ती आत डोकावली. आजोबा बाजूला सरकले आणि म्हणाले, "बसा ना, बसा."

ती खाली उतरली ती डोळे पुसतच. "अहो, मला बसा म्हणाले. आपल्या घरी आल्यावर पाहुण्याला म्हणतात तसं."

"भाऊजी, तुम्ही तरी ऐका," मामा म्हणाला. "ही गाडी नाही, तिजोरी आहे. खिडकी नाही, आत शिसं आहे, चढावर ही तुम्हाला ढकलायला लावेल."

"शिसं काढता येईल," बाप म्हणाला. "खिडक्या कापता येतील. बाबा बसलेत ना?"

"पुतळा पण बसतो."

"तू चहा पिऊन ये."

पण मित्रांनो, आतलं मला माहीत होतं. एकटे असताना आजोबा हळूच पुटपुटत होते, "पुढे चौदा जण आहेत. येईल नंबर." त्यांना ते घर वाटलं नव्हतं. ते आपल्या तपासणीची वाट बघत होते. एकोणीस वर्षं सगळे माझ्या बाकावर बसून हेच करत आले होते, त्यात चूक त्यांची काय? मी बोलले नाही. मला बोलता येत नाही हे एक. आणि येत असतं तरी, दारावर फुली असताना मी बोलले नसते, हे दुसरं. हे दुसरं मी आजच पहिल्यांदा सांगते आहे.

एक तास चाळीस मिनिटांनी त्यांनी मला निवडलं. मालकाने फुली ओल्या फडक्याने पुसली.

पुढचे चार महिने त्याच आवारात माझी घर होण्याची तयारी चालली. बापाने शिशाचे पत्रे उपटले आणि स्वतःच्याच काट्यावर मोजले, सातशे बारा किलो भरले. मामा म्हणाला, "एवढ्या वजनात हिने लग्नाचं वऱ्हाड ओढलं असतं." चार खिडक्या कापल्या. सुनेने पडदे शिवले. बाक काढून तिथे आजोबांचा पलंग केला, उशाशी त्यांची थापी आणि ओळंबा टांगला, ओळखीचं काही दिसावं म्हणून. मी आरशात स्वतःला बघितलं. खोटं कशाला बोलू, मी सुंदर दिसत होते. जुनं घर विकून, किल्ल्या नव्या मालकाच्या हातात देऊन ते चौघं माझ्यात राहायला आले.

पहिल्या सकाळी आजोबा उठले. खिडकीबाहेर बघितलं. भिंतीवर टकटक केलं. आवाज पोकळ आला.

"हलकं काम आहे," ते म्हणाले. "चला, घरी जाऊ."

सून चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी राहिली. नातीने वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं. दुपारपर्यंत आजोबांनी अकरा वेळा विचारलं होतं. कुणाचं काय चुकलं हे कुणालाच कळत नव्हतं. ज्या बाकाने त्यांना थांबवलं होतं तो आवारात उन्हात पडला होता, आणि हे फक्त मला माहीत होतं. बाराव्या वेळी बापाचा तोल गेला.

"बाबा, हेच घर आहे! दुसरं नाही आता, विकलं. हेच आहे."

आजोबांनी ओरडणं ऐकून दोन्ही हात कानांवर ठेवले, आणि बापाला स्वतःचीच लाज वाटली. लाज वाटली की माणसं जास्त चिडतात. त्याने आजोबांना पुढच्या सीटवर बसवलं, किल्ली फिरवली आणि म्हणाला, "चला. कुठंय घर? दाखवा."

आजोबांनी पुढे बघितलं. मग हात वर करून म्हणाले, "सरळ."

आम्ही सरळ गेलो. एक फाटा आला, ते म्हणाले, "डावीकडे." आम्ही डावीकडे गेलो. तीन तास झाले तरी त्यांनी एकदाही विचारलं नाही. विचारणार कशाला, आम्ही घरीच तर निघालो होतो.

"आई, पण घर येणार कधी?" मागून नातीने हळूच विचारलं.

"गप्प बस. रस्ता बघ."

त्यानंतरची अडीच वर्षं माझ्या आयुष्यातली एकमेव प्रवासाची. आजोबा 'घरी जाऊ' म्हणाले की बाप म्हणायचा, "हो बाबा, निघालोच," आणि ते खोटं नसायचं. वाटेतल्या गावांत तो दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करायचा. एका गावातले सगळे काटे त्याने बिनचूक केले, आणि त्या गावाने आम्हाला पुन्हा कधी बोलावलं नाही. मामा फोनवर विचारायचा, "कुठे पोहोचलात?" सून म्हणायची, "निघालोय." चढावर त्यांनी मला खरंच ढकललं, शिसं नसतानाही. आजोबा आत बसून म्हणायचे, "जोर लावा, उशीर होतोय."

मग त्यांचं विचारणं कमी झालं. दिवसाला वीसवरून आठ, आठवरून दोन. एका मंगळवारी त्यांनी विचारलंच नाही.

"आज शांत आहेत," सून म्हणाली. तिला बरं वाटलं. बुधवारीही ते शांत होते. गुरुवारी बटाटे सोलता सोलता ती थांबली आणि साली हातात घेऊन रडली. नात म्हणाली, "आई, आपल्याला हेच हवं होतं ना?" त्यावर तिला कुणी रागावलंसुद्धा नाही.

ज्या कामासाठी मला निवडलं ते मी शेवटी करून दाखवलं, मित्रांनो. माझ्यात बसून आजोबा घरी जाऊ म्हणत नाहीत. आणि माझ्याइतकी नकोशी गाडी त्या कुटुंबाला दुसरी नसेल.

वाट सांगणारं कुणी उरलं नाही म्हणून आम्ही एका गावात थांबलोय. आता रोज सकाळी बाप त्यांना पुढच्या सीटवर बसवतो. मी चौथ्या प्रयत्नात चालू होते, कारण मी म्हातारी आहे. तो विचारतो, "बाबा, घरी जायचं ना? सरळ की डावीकडे?" आजोबा काचेतून समोरच्या भिंतीकडे बघतात. ती विटांची आहे, बांधकाम बरं आहे, पण त्याबद्दलही ते काही बोलत नाहीत. बाप अर्धा तास इंजिन चालू ठेवतो. मग बंद करतो आणि कामाला जातो.

तुमच्या घरी कुणी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर चिडू नका असं मी सांगणार नाही. आमच्याकडे सगळे चिडले. पण चिडून झालं की उत्तर द्या, आणि जमलं तर थोडं अंतर बरोबर चला. ते प्रश्न कायम पुरत नाहीत.

आणि इकडून जाताना मी दिसले, तर माझ्या रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी घाला. टायरही एकदा बघा, मागचा उजवा बसत चाललाय. उद्या सकाळी त्यांनी विचारलं, तर लगेच निघता आलं पाहिजे.