तोंडाचा फोटो

यवतमाळात फोटोग्राफर म्हणवणारे आजकाल पैशाला पासरी झालेत. टिपेश्वर अभयारण्याच्या गेटवर रविवारी पहाटे उभे राहा. प्रत्येकाच्या गळ्यात तोफ आणि प्रत्येकाला वाघ हवा. मी वाघाच्या वाटेला जात नाही. मला पाखरं आवडतात, तीही बेसावध. चाहूल लागली की पाखरू मान वर करतं, अंग चोरतं, आणि तुमच्या पदरात पडतो तो घाबरलेल्या पाखराचा फोटो. विमा कचेरीतल्या नोकरीतून वेळ काढून पंधरा वर्षांत मी एवढंच शिकलो, की समोरच्याला आपण दिसता कामा नये.

हाच नियम मी पुढे रस्त्यावर आणला. माणसाने कॅमेऱ्याकडे पाहिलं की फोटो बाद. आमच्या फोटो क्लबात मी यावर व्याख्यानही दिलं, टाळ्या पडल्या. घरी येताना माझी बायको अनघा म्हणाली, "तुमच्या फोटोतलं एकही माणूस आपल्याकडे बघत नाही हो. सगळे रुसल्यासारखे." हिला कलेतलं काय कळतं, असं मी मनातल्या मनात म्हटलं. संसार आहे, मोठ्याने कोण म्हणतो.

जंगलातून परतताना पांढरकवड्याला हायवेच्या कडेला श्रावणच्या चहाटपरीवर मी थांबायचो. ट्रकवाले, वाफ, सकाळचं तिरपं ऊन. याहून चांगली जागा अख्ख्या जिल्ह्यात नाही. अडचण एकच होती, खुद्द श्रावण. मी कॅमेरा उचलला रे उचलला, की हा गाळणी खाली ठेवायचा, शर्टाचं वरचं बटण लावायचा, ओला हात केसांवरून फिरवायचा आणि शाळेच्या ग्रुप फोटोत असल्यासारखा ताठ उभा राहायचा.

"श्रावण, तू तुझं काम कर. माझ्याकडे बघू नको."

"असं कसं जी? तुम्ही फोटो काढून राह्यले अन् मी खाली पाहू?"

मग त्याचं मन मोडू नये म्हणून मी एक क्लिक करायचो. तो विचारायचा, "आला का जी?" मी म्हणायचो, "एक नंबर." तो समाधानाने गाळणी उचलायचा. चहा माझ्या हातात येईपर्यंत मी तो फोटो उडवून टाकलेला असायचा, आणि श्रावण कामाला लागला की मला हवा तो फोटो मिळायचा. सहा वर्षं, जवळजवळ दर रविवारी हेच.

हार्ट अटॅकने श्रावण गेला हे मला आठ दिवसांनी कळलं, त्याची मुलगी मोनाली यवतमाळला आमच्या घरी आली तेव्हा. तिला बाभुळगावला दिली आहे.

"साहेब, रविवारी बाबाचा जलदानाचा कार्यक्रम हाये. मले बाबाचा फोटो पाह्यजे होता, तोंडाचा. घरी आधारवरचाच हाये, त्याच्यात बाबा ओळखूच येत नाही."

फोटोपुढे मेणबत्त्या लावायच्या, फुलं वाहायची, आणि मग तोच कायमचा भिंतीवर. एवढंच तिला हवं होतं.

मी तिला खुर्ची दिली आणि कॉम्प्युटर लावला. पांढरकवड्याचे साडेतीन हजार फोटो होते. त्यांत श्रावणचा हात निघाला, पाठ निघाली, ट्रकच्या आरशात अर्धा कान निघाला. राज्य स्पर्धेत बक्षीस मिळालेला 'वाफ' निघाला. त्यात गळ्यापर्यंत श्रावण आहे आणि वर नुसती वाफ. मोनाली प्रत्येक फोटोला "छान हाये" म्हणत होती आणि पुढच्याची वाट बघत होती. दोन तास गेले. मी किती निष्ठेने कला केली होती ते मला त्या दुपारी कळलं.

"असन साहेब, नीट पाहा," ती म्हणाली. "माह्या लग्नात फोटोवाल्यानं बाबाले चारदा बोलावलं, पन बाबा स्टेजवर आलेच नाही. म्हने, पाहुण्यायचे काढा, माहे साहेबाकडं शंभरेक हायेत, समोरून."

अनघा चहाचा ट्रे घेऊन दारात थांबली होती. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, पण जीभ रेटेना.

"एक डिस्क खराब झाली गं," मी म्हणालो. "सगळे त्यातच होते."

अनघाने माझ्याकडे पाहिलं, ट्रे ठेवला आणि आत निघून गेली. मला स्वतःची लाज वाटली, तरी मी वाक्य मागे घेतलं नाही.

मोनालीने ओढणीने डोळे पुसले. मग उठता उठता तिने माझीच समजूत काढली.

"जाऊ द्या साहेब, मनाले लावून घेऊ नका. तुमची तर सहा वर्साची मेहनत गेली."