भरदुपारी ओढलेले पडदे

विबेकाका गेल्यावर त्यांची चित्रं गावच्या वाचनालयात मांडायची ठरली. एका चित्राला ना नाव, ना तारीख. बैठकीची खोली, भरदुपार, पडदे ओढलेले. त्याला नाव काय द्यावं म्हणून आम्ही कॉफी घेऊन समोर बसलो.

विद्यापीठातून आलेली मार्लुस म्हणाली, "यात बाई कुठेच नाही, तेच बोलकं आहे. घराने तिला गिळलंय."

"मला कोण गिळतंय गं!" काकांची बायको आउक्येमावशी म्हणाली. "मागे बटाटे सोलत असेन."

सिट्सेने काकांबरोबर लोण्याच्या कारखान्यात रात्रपाळ्या काढलेल्या. तो म्हणाला, "कामगाराची दुपार आहे ही. विबे त्याच खोलीत झोपायचा, पडदे ओढून. 'रात्रपाळी' म्हणा आणि सोडा."

घरी जाताना मावशी माझा दंड धरून म्हणाली, "हिस्के गेली तेव्हाही पडदे ओढले होते."

हिस्के त्यांची मुलगी, चालायला लागायच्या आत गेलेली. आमच्याकडे एरवी दिवसा पडदे ओढतात ते घरात कुणी गेलं तरच.

"हा माणूस एक टिपूस रडला नाही. पुरून आला आणि पाळीवर गेला. चित्र त्या दिवसाचं असेल, तर रडला म्हणायचा. नाहीतर मी जन्मभर दगडाशेजारी झोपले. तू एवढी पुस्तकं वाचतेस, सांग की."

काय सांगू? मार्लुसचं पटलं होतं, सिट्सेचंही पटलं होतं, आणि आता हेही पटत होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मावशीने मला बोलावलं. चित्र घरी आणलेलं. तिने पडदे ओढले, चित्र खुर्चीवर टेकवलं, आणि आम्ही एकदा खोलीकडे, एकदा चित्राकडे बघत राहिलो.

"उजेड तोच आहे," मी म्हणाले.

"तोच. पण तो रोजच असा पडायचा, बयो."

तेवढ्यात दार वाजलं. सिट्से, टोपी हातात घेऊन. रस्त्यावरून त्याला पडदे दिसले होते.

"वहिनी, कोण गेलं?"

मी खुलासा करायला तोंड उघडलं. सांत्वनाला आलेल्यांपुढे करतात तसा मावशीने त्याच्यापुढे हात केला.

"हिस्के," ती म्हणाली.

सिट्सेने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मग त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि अशा वेळी बोलतात ते सगळं, जरा अडखळत, बोलला. ती मान डोलवत राहिली, काल पुरून आल्यासारखी.

ती कॉफी टाकायला आत गेली तेव्हा तो कुजबुजला, "हिचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"मला कुठे काय कळतंय," मी म्हणाले, आणि आत डोकावून विचारलं, "मावशी, पडदे उघडू?"

"राहू दे," ती कप मोजत म्हणाली. "अजून लोक यायचेत."