कालकथित अंबादास यांचे भाषण

माइक: हॅलो, हॅलो. वरपक्षाची मंडळी पवईच्या ट्रॅफिकमध्ये आहेत. उपस्थितांनी कृपया जागा सोडू नये.

जागा सोडून जाणार कुठे? जेवण वरच्या मजल्यावर, आणि जिन्याच्या तोंडाशी नवरीच्या बापानं, म्हणजे माधुरीच्या काकांनी, दोन धिप्पाड भाचे उभे केलेले. लग्न लागल्याशिवाय कुणाला वर सोडायचं नाही. माधुरीनं सँडल काढून पाय खुर्चीच्या दांडीवर ठेवले आणि ती नेहमीच्या कामाला लागली. लग्न सोसायचं काम.

मुहूर्त मानायचा नाही हे या घराण्यानं दोन पिढ्यांपूर्वी ठरवलं, आणि त्याच झटक्यात घड्याळ मानायचंही सोडून दिलं. कार्डावर साडेबारा असेल तर साडेबाराला मंडपवाला खुर्च्या उतरवत असतो. मग वंदना, मग सत्कार. वॉर्डातल्या मान्यवरांचा सत्कार, त्यांनी सोबत आणलेल्या मान्यवरांचा सत्कार, शाल कमी पडली म्हणून आधीच्याची शाल मागून घेऊन पुढच्याचा सत्कार. मग भाषणं. आणि भाषणांच्या शेवटी, सगळ्यांची आतडी पिळवटून निघाली की, माधुरीचे बाबा.

अंबादासचं भाषण म्हणजे या घराण्यातला धाक होता. ते गावच्या पाणवठ्यापासून सुरू होई. मग मुंबईला येणं, भांडुपच्या टेकडीवर पत्रे ठोकणं, धाकट्या भावाचा, शरच्चंद्रचा, डिप्लोमा, मग धम्म, मग व्यसन, मग पुन्हा पाणवठा, कारण तिथला एक मुद्दा राहून गेलेला असे. 'शेवटचं एवढंच सांगतो' हे वाक्य पहिल्यांदा आलं की नवखी माणसं उठून उभी राहत. घरची माणसं बसून राहत. लहानपणी माधुरी त्या भाषणात खुर्च्यांखाली झोपायची. मोठेपणी तिनं डोळे उघडे ठेवून झोपायची कला साधली.

आज बाबा बोलणार नव्हते. आज ते

माइक: पांढरी गाडी, गेटसमोर लावलेली, ज्यांची असेल त्यांनी काढून घ्यावी.

आज ते वारलेले होते.

*

सांगायचं तर कार्डापासून सांगावं लागेल.

या समाजात गेलेल्या माणसाच्या नावामागे कालकथित लावतात आणि असलेल्याच्या मागे आयुष्मान. कार्ड उघडलं की वर कालकथितांची ओळ, खाली आयुष्मानांची रांग. शरच्चंद्रकाकांच्या चेतनाचं लग्न ठरलं आणि मुलुंडच्या टॉवरमधून कार्डांचा गठ्ठा भांडुपला आला. जाड कागद, सोनेरी कडा. खाली आयुष्मान शरच्चंद्र, निवृत्त उपअभियंता. आयुष्मान अमुक, शाखाधिकारी. आयुष्मान तमुक, प्राध्यापक. आणि वर, कालकथित धोंडिराम आणि कालकथित सोनाबाई या आजी-आजोबांच्या शेजारी, कालकथित अंबादास.

कालकथित अंबादास तेव्हा पत्र्याखाली बसून वाटाणे सोलत होते. त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं, आणि म्हणाले की कागद चांगला आहे.

माधुरीनं लगेच काकांना फोन लावला. काका आधी डिझाईन करणाऱ्या पोरावर घसरले, मग व्हॉट्सॲपवर, मग त्यांचा आवाज उतरला.

"बाकी सगळ्यांच्या नावापुढे काहीतरी होतं गं. दादाच्या नावापुढे काय लिहावं ते सुचेना. म्हणून मोकळं सोडलं."

मोकळं नाव पाहून त्या पोरानं ते मेलेल्यांत नेऊन बसवलं. त्याचं तरी काय चुकलं? त्याला वाटलं असेल, हुद्दा नसलेली एवढीच दोन माणसं आहेत, हा तिसरा त्यांच्यातलाच.

यावर माधुरीला काकांना बरंच सुनवायचं होतं. पण अंधेरीच्या ऑफिसात तीही, बाबा बीएमसीत होते, एवढंच सांगून थांबायची. बीएमसी म्हटलं की लोक मान हलवतात, पुढे विचारत नाहीत. बाबा मलनिस्सारण खात्यात होते. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतची गटारं त्यांना आतून माहीत होती.

त्या दिवसापासून बाबांनी रोजची वंदना मोठ्यानं म्हणायचं सोडलं. ओठ हलायचे, आवाज नाही. आई, म्हणजे शकुबाई, पहिल्या दिवशी म्हणाली, बरं झालं, शेजारी झोपतील. चौथ्या-पाचव्या दिवशी ती म्हणाली, "माधु, काहीतरी कर. घर मुकं झालंय."

म्हणून माधुरी आज इथे होती. तिला एवढंच हवं होतं की ह्या हॉलमध्ये, ह्या माइकवरून कुणीतरी बाबांना जिवंत म्हणावं. सकाळी तिनं काकांना गाठलं. काका म्हणाले, बोरिवलीवाल्यांनी, म्हणजे वरपक्षानं, भाषणं नकोत म्हणून बजावलंय, संध्याकाळी हॉल दुसऱ्यांना दिलाय, आणि दादाच्या हातात माइक गेला तर, तुला माहितीये. आणि झालेली चूक जाहीर करायची म्हणजे ज्यांनी कार्ड वाचलं नाही त्यांनाही ती सांगायची. हळूच मिटू दे.

ती चेतनाकडे गेली. पांढरी साडी, केसांत मोगरा, मेकअपवाली हनुवटी धरून बसलेली. चेतनाचे डोळे भरून आले, तशी मेकअपवाली ओरडली. चेतना म्हणाली, "ताई, मोठ्या बाबांना फक्त बसवून ठेव. जाऊ देऊ नकोस."

*

माइक: वरपक्षाचं आगमन झालेलं आहे. टाळ्या.

माइक: टाळ्या पुरे. मंडळी चहा घेताहेत.

माइक: वंदनेसाठी सर्वांनी उभं राहावं.

मेणबत्त्या लागल्या. फोटोंना फुलं वाहिली. सगळा हॉल त्रिशरण-पंचशील म्हणू लागला. बोरिवलीचे, मुलुंडचे, भांडुपचे, सुटातले आणि भाड्याच्या शेरवानीतले. जिन्यावरचे भाचेही हात जोडून म्हणू लागले आणि तेवढ्यात तीन पोरं वर सटकली. माधुरी कानानं बाबांना शोधत होती. ते शेजारीच होते, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. ओठ हलत होते.

मग निवेदकानं कार्ड हातात घेतलं.

हा निवेदक भाड्याचा. आवाज झकास, घरच्यांची ओळख शून्य. तो म्हणाला की या मंगल प्रसंगी आपण त्या दिवंगतांना विसरू शकत नाही, ज्यांच्या कष्टांवर हे कुटुंब उभं राहिलं. कालकथित धोंडिराम. कालकथित सोनाबाई. कालकथित अंबादास. त्यांच्या स्मृतीस अभिवादन म्हणून सर्वांनी एक मिनिट स्तब्ध उभं राहावं.

*

हॉल उभा राहिला.

बाबाही उभे राहिले.

हात बाजूला, मान खाली. शिस्त म्हणजे शिस्त.

एसीचा आवाज.

पुढच्या रांगेत काकांची मान हळूहळू पांढऱ्या कॉलरमध्ये शिरत गेली.

कुणाचा तरी फोन वाजला, दाबला गेला.

माधुरीनं बाबांकडे पाहिलं. ते मनापासून श्रद्धांजली वाहत होते. आईबापाला, आणि त्यांच्या शेजारच्या त्या तिसऱ्या माणसाला. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्या तिसऱ्याला जाऊ द्यायला ते तयार झालेले दिसत होते.



मिनिट संपत नव्हतं. अख्ख्या आयुष्यात तिनं एवढी लग्नं गप्प बसून काढली होती.

"हे माझे बाबा," ती म्हणाली.

शांततेत ते फार मोठं ऐकू आलं.

"अंबादास. हे इथे उभे आहेत."

*

पुढे काय झालं ते सगळे वेगवेगळं सांगतात. भांडुपच्या रांगांतून कुणीतरी फिस्सकन हसलं म्हणे, आणि मग ते हसू बोरिवलीपर्यंत पसरलं. निवेदक कार्डाकडे आणि बाबांकडे आळीपाळीनं पाहत राहिला. त्याची पार वाट लागली होती. नवरीनं तोंडावर पदर धरला. ती हसत होती की रडत होती, हे फोटोंवरूनही कळत नाही.

काका खुर्च्यांमधून वाट काढत आले. घामाघूम. आल्या आल्या त्यांनी दादांचे हात धरले आणि खालच्या आवाजात भराभर तोडगा सांगितला. आत्ता लगेच जाहीर करू, दादा. आयुष्मान अंबादास, महानगरपालिकेचे निवृत्त अधिकारी. सगळं नीट होऊन जाईल.



"शऱ्या," बाबा म्हणाले. निवृत्त उपअभियंत्याला या नावानं हाक मारणारा आता जगात एकच माणूस उरला होता. "पंचशील म्हणून पाच मिनिटं झाली नाहीत. चौथं काय होतं?"

काकांनी दादांचे हात सोडले.

"खोटं बोलणार नाही म्हणून आत्ताच सांगितलं ना सगळ्यांनी? निदान जेवेपर्यंत तरी पाळू."

आणि ते चालू लागले. स्टेजकडे. माधुरीला आधी वाटलं, दाराकडे जाताहेत. चेतनालाही तसंच वाटलं असावं, कारण ती पाट सोडून दोन पावलं पुढे आली आणि तिनं निवेदकाच्या हातातला माइक काढून घेतला. बाबा वर पोचले तेव्हा तो त्यांच्यासाठी धरलेला होता.

बाबांनी माइकवर टिचकी मारली. ते नेहमी मारतात.

"मी अंबादास," ते म्हणाले. "कार्डात गेलोय, हॉलमध्ये आलोय."

हॉल हसला.

"माझ्या नावापुढे काय लिहावं ते माझ्या भावाला सुचलं नाही. सोपं आहे. मी गटारात उतरायचो. तुमच्या बिल्डिंगी उभ्या आहेत ना, त्यातल्या बऱ्याच मी खालनं पाहिल्यात. सकाळी उतरायचो, वर यायचो. माझ्याबरोबरचे दोघं उतरले ते आले नाहीत. कालकथित म्हणायचं तर त्यांना म्हणा. मी रोज वर आलोय. मला मेलेला धरणं अवघड आहे."

आता हॉल हसला नाही. मागे बोरिवलीवाल्यांत एक म्हातारा उठून उभा राहिला.  नुसता उभा राहिला, मग त्याच्या शेजारची बाई, मग भांडुपच्या रांगा. त्या दोघांसाठी. कुणी सांगितलं नव्हतं आणि किती वेळ हेही सांगितलं नव्हतं. बाबांनी मान खाली घातली, आणि यावेळी माधुरीनंही घातली.

सगळे बसले तसं बाबांनी खाकरून घसा साफ केला.

"चेतना आणि प्रीतम, तुम्हाला एवढंच सांगतो की आमच्या गावी एक पाणवठा होता."

एक कळवळल्यासारखा आवाज सबंध हॉलमधून निघाला. मुलुंडकरांनी तो काढला, भांडुपकरांनीही काढला. उपाशी पोटाला धर्म, पैसा, टॉवर असलं काही कळत नाही. निवेदकानं काकांकडे पाहून मनगटावर बोट ठेवलं. दारात संध्याकाळच्या पार्टीचे फुलवाले झेंडूच्या टोपल्या घेऊन खोळंबले होते.

काका स्टेजच्या पायरीशी उभे होते. त्यांनी फुलवाल्यांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, व्याह्यांकडे पाहिलं. मग त्यांनी निवेदकाचं मनगट धरून खाली केलं.

"बोलू दे," ते म्हणाले. "डिप्लोमाचं यायचंय अजून."

आणि पायरीवरच बसले, नव्या सुटात, पाय पोटाशी घेऊन, पत्र्याच्या घरात बसायचे तसे.

माधुरी खुर्चीशी होती. तिला हे भाषण पाठ होतं. आता पत्रे येतील, मग पावसात उडालेले पत्रे, मग डिप्लोमा. आवाज मोकळा होता, पहाटेच्या वंदनेला असायचा तसा, शेजाऱ्यांची झोप मोडणारा. तरीही ती उभीच होती.

शकुबाईनं तिचा हात ओढला.

"बस खाली. हे आता तासभर तरी मरत नाहीत."

आणि तिनं पर्समधून चिवड्याची पुडी काढली, जी या घराण्यातल्या प्रत्येक लग्नाला ती याच वेळेसाठी घेऊन येते. एक घास लेकीला दिला. मग पुढच्या रांगेतल्या, ओळख ना पाळख अशा बोरिवलीच्या एका बाईनं मागे वळून पाहिलं, तेव्हा पुडी तिच्यापुढेही धरली.

माइक: शेवटचं एवढंच सांगतो...

ती बाई उठू लागली. माधुरीनं तिला हलकेच खाली बसवलं.