सवतीचा टाक

जिवंत सवतीपेक्षा मेलेली सवत भारी, असं मनकर्णाबाईंचं ठाम मत होतं. म्हणून दुसरेपणाच्या सुनेच्या, रत्नमालाच्या गळ्यात त्यांनी लग्नातच चांदीचा टाक घातला. नखाएवढा पत्रा आणि त्यावर उठवलेली बाईची आकृती, म्हणजे त्यांच्या मुलाची, सोमनाथची पहिली बायको सत्यभामा. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरनं ती गेली होती. टाक गळ्यात असला की गेलेली संसारात आडवी येत नाही म्हणतात.

इथं मात्र ती आडवीच बसली होती. लग्नाला वर्ष होत आलं तरी सोमनाथ पुंडलिकनगरच्या त्या घरात हॉलमध्ये गादी टाकून झोपायचा. शेंद्र्याच्या कंपनीत पाळ्या असतात, तुझी झोप मोडेल म्हणायचा. पाळी दिवसाची असली तरी हेच म्हणायचा.

रत्नमाला काही नवखी नव्हती. तिची आधी एक सोडचिठ्ठी झालेली. नवऱ्याला नकोशी होणं म्हणजे काय, ते तिनं भोगलं होतं. पण हा माणूस तिच्यासाठी आठवणीनं गजरा आणायचा आणि रात्र झाली की चादर घेऊन बाहेर. तिच्या जिवाला घोर लागला होता.

"टाकाला दूध घाल. लुगडं दाखव तिला. लई मानी होती ती," सासूबाई म्हणाल्या.

दूध झालं, लुगडं झालं. गादी तसूभर हलली नाही.

शेवटी एका सकाळी सासूबाई देवळात गेल्या तसा रत्नमालानं टाक काढला आणि नवऱ्याच्या बशीत ठेवला. "घ्या. हिच्याशीच संसार करायचा होता तर मला कशाला आणलं? मी चालले गंगापूरला, आईकडं."

सोमनाथ टाकाकडं बघत राहिला आणि एवढा थोराड गडी लेकरासारखा रडायला लागला.

"तिला मीच मारलं, रत्ना. ह्यो आजार संबंधातनं येतो म्हणं. दवाखान्यात डॉक्टर बोलत होते. आता तुलाबी देऊ का?"

"आन् मग लग्न कशाला केलं?"

"आईनं ऐकलं नाय. आन् तू आवडली मला."

रत्नमालाचा राग जागच्या जागी विरघळला. "डॉक्टर पुढं काय बोलले?"

"पुढचं ऐकवलं नाय माझ्याच्यानं."

अर्धं ऐकायचं आणि त्यावर वर्षभर उपास काढायचा! तिनं त्याला त्याच दिवशी बायकांच्या डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन बसवलं.

"कॅन्सर कुणी कुणाला देत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "संबंधातून जातो तो एक विषाणू, एचपीव्ही. तो इतका सर्रास आहे की बहुतेकांना कधी ना कधी होतो, कळतही नाही, आणि बहुतेकांच्या अंगातून आपोआप जातो. काहीजणींच्या अंगात तो वर्षानुवर्षं ठाण मांडतो, तेव्हा धोका. पण कॅन्सर व्हायला बरीच वर्षं लागतात. वेळेवर तपासणी केली तर त्याआधीच सापडतं, उपचार होतात."

"म्हणजे मीच दिला तिला?" सोमनाथनं विचारलं.

"कुणाकडून कुणाला आला, हे आता कुणीच सांगू शकत नाही. यात गुन्हा कुणाचाच नाही."

रत्नमालाच्या डोक्यात काहीतरी चमकलं. "माझंबी पहिलं लग्न झालेलं, बाई. मग माझ्याकडंच असला तर?"

"असू शकतो की. तपासून घेऊ."

सोमनाथनं बायकोकडं असं पाहिलं की तिला हसू आवरेना. हे वर्षभरात त्याच्या ध्यानीमनी आलं नव्हतं.

तपासणीला चहा निवायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. काही दिवसांनी फोन आला: विषाणू सापडला नाही, पाच वर्षांनी पुन्हा या. रत्नमाला ओट्याला टेकून उभी राहिली. छातीवरचा धोंडा उतरला होता. सोमनाथनं शेरभर इमरती आणली आणि कारण विचारणाऱ्या आईला "सहज" म्हणाला.

दुसऱ्या सकाळी मनकर्णाबाई हॉलमध्ये आल्या. गादी नव्हती. त्यांनी हात जोडले. "शांत झाली बाई सत्यभामा! दुधाचा गुण. आता टाक काढू नको हं."

रत्नमालानं टाक केव्हाच परत घातला होता. तिनं तो मुठीत धरला. हिला कुणी वेळेवर नेलं असतं तर आज चहा हिनंच ठेवला असता, या विचारानं तिचे डोळे भरून आले.

"नाय काढत, आत्या. तुम्ही लुगडं बदला."

"कुठं जायचंय?"

"डॉक्टरीणबाईकडं. हिची तपासणी राहून गेली. तुमची राहू द्यायची नाय."