रुळाच्या अलीकडे

"आजी, यू वेअर बॉर्न ऑन द रोड?" दहा वर्षांच्या सान्वीने विचारलं, आणि कमलिनीबाईंना हसू आवरेना.

"रस्त्यावर नाही गं, रोडला. खैरखेडा रोड. गावाचं नावच ते."

दुबईत ऊद मेथाला लेकाच्या, वासुदेवच्या फ्लॅटमध्ये त्यांचे चार महिने गेले होते. जुलैत सुट्ट्या लागल्या की परत जायचं. सान्वीने एकदा तरी सोबत यावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण वासुदेवने सुट्टीत सगळ्यांना जॉर्जियाला न्यायचं ठरवलं होतं. पोरीनेच हट्ट धरला तर बाप विरघळेल, अशी त्यांना आशा.

त्यांनी जेवणाच्या टेबलावर टूथपिकांची लांब रांग मांडली. "हे रूळ. आता सांग, आधी काय आलं? गाव की रूळ?"

"ऑफकोर्स गाव."

"अंहं. आधी रूळ. दोन्हीकडे सपाट काळी जमीन, माणूस औषधाला नाही. इंजिनाला पाणी लागतं म्हणून इथे टाकी बांधली." त्यांनी रुळाशेजारी वाटी उपडी ठेवली. "खरं खैरखेडा दोन कोस लांब. त्याचं नाव उसनं घेतलं, पुढे 'रोड' जोडलं, झालं स्टेशन. टाकीवाल्याला चहा हवा, चहावाल्याला दूध, म्हणून गवळी आला. मग कापसाच्या वखारी, मग हमालांची घरं. सगळ्या घरांची तोंडं रुळाकडे. पत्ता सांगायचा तोही रुळाच्या अलीकडे नाहीतर पलीकडे."

"अँड द ओल्ड व्हिलेज?"

"बसलं रुसून. त्यांचा बाजारसुद्धा आमच्याकडे आला."

सान्वी टेबलावर ओणवी झाली. "कॅन वी गो बाय दॅट ट्रेन?"

हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण पोरांना खोटं सांगायची कमलिनीबाईंना सवय नव्हती.

"गाडी बंद झाली बाळा. रूळही उखडले."

"खलास?"

"गाडी खलास. गाव आहे."

"देन व्हाय डू पीपल स्टे?"

कमलिनीबाई रांगेतली वाकडी टूथपिक सरळ करू लागल्या.

"टाकी पलीकडे होती, आई." ऑफिसातून आलेला वासुदेव कधीचा दारात उभा होता, कोण जाणे. खांद्यावरची बॅग न उतरवताच त्याने वाटी उचलून रुळापलीकडे ठेवली. "आणि इथे आमची शाळा. गाडी आली की आम्ही सगळे कुंपणावर. गार्ड आमच्यासाठी मुद्दाम निशाण हलवायचा."

"पप्पा, जॉर्जिया?"

तो खुर्ची ओढून बसला. टूथपिका मोडून घरं मांडत राहिला. एक, मग त्याच्या शेजारी दुसरं.

"जुलैत गावी गुडघाभर चिखल असतो, आई," तो म्हणाला.

"असू दे," कमलिनीबाई म्हणाल्या, आणि टूथपिकांची डबी त्यांनी त्याच्याकडे सरकवली.