चिठ्ठीबाईचा खांदा

बाळंतपणं सोडली तर कुणासमोर अंग टाकून मी कधी पडले नाही. आणि बाळंतपणंही दोनच. त्यामुळे सुनेने मोबाइल पुढे करून "आई, रविवारी अकरा वाजता तुमची मालिश ठरवलीय" असं सांगितलं तेव्हा मी हातातली पळी तिच्यावर उगारली. म्हणजे उगारायला गेले. हात खांद्याच्या वर जाईना. पळी अर्ध्यातच लटकली.

"बघा," ती म्हणाली. "म्हणूनच."

मी लॉन्ड्रीत इस्त्रीला आहे. खिडकीजवळचं मोठं टेबल माझं, एकोणीस वर्षं. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी माझ्या हाताखालून जातात. फुशारकी म्हणून सांगत नाही, पण माझी घडी लांबून ओळखू येते. चारही कोपरे एकावर एक, आणि वरची कड आत खोचलेली, म्हणजे गठ्ठा उचलताना घडी सुटत नाही. हे मला कुणी शिकवलेलं नाही, माझं मीच काढलंय.

सहा महिन्यांपूर्वी उजव्या खांद्याने दगा दिला. आधी केस विंचरायचं बंद झालं, मग पाठीमागची बटणं. दोन्ही सून करून द्यायची, एक अक्षर न बोलता. ती बोलत नाही याचाच मला जास्त राग यायचा. कामावर दुपारच्या सुट्टीआधी चाळीस चादरी व्हायला हव्यात. माझ्या पस्तीस झाल्या, मग तीस, मग सव्वीस.

मुकादम टेबलाशी येऊन उभे राहिले. "मावशी, हल्ली हात चालत नाही वाटतं?"

दुखतंय म्हणायचं माझ्या जिवावर येतं. मेले तरी म्हणणार नाही. "हाताला काय धाड भरलीय?" मी म्हटलं. "हे टेबलच कसलंतरी आहे."

"वा! नाचता येईना अंगण वाकडं!"

सगळी लॉन्ड्री हसली. धुलाईवाल्या दोघी तर तोंडाला फडकी लावून हसत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण टेबलाचं मी नुसतं तोंडाला येईल ते बोलले होते. मुकादम गेले नाहीत. आवाज खाली आणून म्हणाले, "सोमवारी सुट्टीआधी चाळीस झाल्या तर टेबल तुमचं. नाहीतर मंगळवारपासून आतल्या खोलीत टॉवेल मोजायला बसा. वरून विचारणा होते मावशी, मी तरी काय करू?"

आतली खोली म्हणजे खिडकी नाही, एक दिवा आणि टॉवेलांचे ढीग. आजवर तिथे गेलेलं माणूस इस्त्रीकडे परत आलेलं मी पाहिलेलं नाही. तिथून थेट घरीच जातात. मी घरी येऊन कुणाला काही सांगितलं नाही, पण आमच्या सुनेला भिंतींनाही नसतील एवढे कान आहेत.

तर अशी ती मालिश ठरली. मोबाइलवर सूचना आल्या होत्या, त्या सुनेने मोठ्याने वाचल्या. दोन तास आधी पोटभर खाऊ नये. पाणी भरपूर प्यावं. दागिने काढून यावं. कपडे सैल असावेत. दहा मिनिटं आधी यावं. नेमकं काय दुखतं ते आठवून ठेवावं.

"शेवटचं तेवढं लक्षात ठेवा," सून म्हणाली. "तिथे जाऊन 'काही नाही, सहज आले' म्हणालात तर मी तुमच्याशी बोलणार नाही."

"कुठली ही जागा?" मी विचारलं. तिने पत्ता सांगितला. तो मला तोंडपाठ होता.

ती हिरवी पिशवी! दर मंगळवारी आमच्याकडे एक हिरवी पिशवी येते, त्याच मालिशवाल्या बाईकडून. आतल्या चादरी तेलाने अशा माखलेल्या की दोनदा धुतल्या तरी इस्त्रीखाली पिवळ्या पडतात. त्या बाईला मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही, पण नाव ठेवलंय तेलबाई. आणि परत जाणाऱ्या पिशवीत मी चिठ्ठ्या घालते. पहिली साधी होती, 'तेल कमी वापरावे'. मग राग वाढत गेला. शेवटची, आठ दिवसांपूर्वीची, अशी: 'तेल माणसाला लावता की चादरीला पाजता?'

आता त्याच बाईच्या हाती पाठ द्यायची! कप्पाळ माझं. रागाच्या भरात तिने मानच पिरगळली तर?

सुनेला चिठ्ठ्यांचं सगळं सांगून मी विचारलं, "दुसरीकडे नाही का जमणार?"

"रविवारी फक्त तीच मोकळी आहे," सून म्हणाली. "आणि तुम्ही कोण हे तिला कसं कळणार? चिठ्ठीवर सही करता का?"

सही करत नाही. जरा जीव भांड्यात पडला.

मग मी तयारीला लागले. तीन दिवस टाचा घासल्या. वहाणेत एकोणीस वर्षं उभं राहिलेल्या टाचा त्या, दगड झिजला पण टाचा काही ऐकेनात. पाठ घासायला हात पोचेना, तर दाराच्या चौकटीला ओला टॉवेल अडकवून त्यावर पाठ घासली. यजमानांनी ते पाहिलं, चहा तसाच हातात धरून ते परत खोलीत गेले. संसारात काय विचारू नये हे त्या माणसाला कळतं.

बोटातली अंगठी निघेना. लग्नातली, तेव्हा बोटं काडीसारखी होती. सुनेने साबण लावला, थंड पाण्यात हात बुडवून ठेवायला लावला, मग दोरा गुंडाळून एकेक वेढा सोडवत ती काढली. काढताना दुखलं तेव्हा मी ओरडले, "अगं हळू, खांद्यापर्यंत कळ गेली!"

तिने मान वर केली. "सहा महिन्यांत पहिल्यांदा बोललात," ती म्हणाली आणि अंगठी स्वतःच्या बोटात घालून ठेवली, हरवू नये म्हणून. त्या क्षणी मला ती पोटच्या पोरीसारखी वाटली, खोटं कशाला बोलू?

रविवारी पावणेअकराला मी त्या दारात. खोली लहानशी, स्वच्छ. मधोमध उंच पलंगासारखं मालिशचं टेबल, खाली पायाने फिरवायचा दांडा. तेलबाई निघाली चाळिशीची, ठेंगणी, हसरी. मनगटं मात्र लोहारासारखी.

"मावशी, तुम्ही कपडे सैल करा, टेबलावर पालथ्या झोपा. मी हात धुऊन आलेच."

ती बाहेर गेली आणि माझी नजर चादरीवर पडली.

चादर माझीच होती, मी इस्त्री केलेली. पण अंथरली कशी? एक कड लोंबतेय, दुसरी वर आलीय, मधे सुरकुत्यांचा हा गुंता. अशा चादरीवर मी झोपू? मला इंगळ्या डसतील. मी विचारही केला नाही. ओढून काढली, झटकली, टाकली, आणि तळव्याने सुरकुत्या मोडायला सुरुवात केली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, इस्त्री फिरवतात तशीच. उशाकडची कड आत खोचली. कोपरे दाबले. मग बाजूला पडलेली दुसरी चादरही दिसली, तिचीही घडी घातली.

"चिठ्ठीबाई तुम्हीच ना?"

ती दारात उभी होती. किती वेळ, देव जाणे. माझ्या हातातली घडी तिथेच राहिली.

"ही कड आत खोचायची घडी एकाच बाईची आहे," ती म्हणाली. "तुमच्या सगळ्या चिठ्ठ्या आहेत माझ्याकडे. ती 'चादरीला पाजता'वाली तर मी आरशाला लावलीय. येणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवते."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "अहो, म्हणजे ते डाग..." मी सुरुवात केली.

"ते राहू द्या. एक सांगा. आता चादर सारखी करताना खांदा दुखला?"

ओठांवर 'छे, काही दुखत नाही' तयारच होतं. पण अंगठीची आठवण झाली. म्हटलं, आज खरंच बोलायचं. मी आठवून पाहिलं. आणि खरं सांगायचं तर नव्हता दुखला! एवढी मोठी चादर, दोन्ही हातांनी, टोकापासून टोकापर्यंत. कळ नाही, काही नाही.

"नाही दुखला," मी म्हटलं. "असं कसं? तिथे तर दुसऱ्या चादरीलाच जीव जातो."

तिने पायाने दांडा फिरवायला सुरुवात केली. टेबल हळूहळू वर येऊ लागलं. "तुमचं लॉन्ड्रीतलं टेबल जेवढं उंच, तिथे थांब म्हणा. आणि हात फिरवत राहा."

मी हात फिरवत राहिले. टेबल कमरेच्या वर आलं. "अजून," मी म्हटलं. अजून वर. "अजून थोडं. हां, बस." आणि त्याच क्षणी खांद्यात ती ओळखीची कळ सणकन गेली. समोर आरसा होता. त्यात मी पाहिलं, माझा उजवा खांदा कानाला जाऊन चिकटला होता.

"अगं बाई," माझ्या तोंडून निघालं.

"इतकी वर्षं अशा उभ्या आहात?" ती म्हणाली. "माझाही खांदा असाच गेला होता, म्हणून तर हे वर-खाली होणारं टेबल घेतलं. मावशी, तुमच्या खांद्याला काय झालं ते नंतर बघू. आधी टेबल बघा."

तिने सुतळी आणली. टेबल पुन्हा खाली घेतलं, खांदा जिथे गप्प बसला तिथे. जमिनीपासून तिथवर सुतळी धरून गाठ मारली आणि माझ्या पिशवीत टाकली. मग मला झोपवलं. तेल कोमट होतं. तिचा अंगठा खांद्याच्या मागे एका जागी रुतला, मी आईला हाक मारली, आणि त्यानंतरचं मला फारसं आठवत नाही. ती सांगते मी घोरले. मी ते मान्य केलेलं नाही. पण निघताना हात कानापर्यंत गेला, हे खरं. तिने बजावलं की चार-पाच वेळा यावं लागेल, एका दिवसात जादू होत नाही.

"आणि तेल?" मी दारातून विचारलं.

"पाजणारच," ती म्हणाली.

सोमवारी मी अर्धा तास आधी लॉन्ड्रीत गेले. सुतळी टेबलाच्या पायाशी धरली. गाठ टेबलाच्या चार बोटं खाली! मी खाली वाकून बघितलं आणि तशीच बसून राहिले.

टेबलाच्या चारही पायांखाली लाकडी ठोकळे होते. टेबलालाच रंग दिला तसाच त्यांनाही रंग दिलेला. एकोणीस वर्षं मी त्या ठोकळ्यांभोवतीने फरशी पुसलीय, पण ते ठोकळे आहेत असं कधी मनातही आलं नाही. मला वाटायचं टेबलाचे पायच तसे. माझ्या आधी इथे एक जण होते, ताडासारखे उंच, त्यांना सगळे शिडी म्हणायचे. वाकून पाठ दुखते म्हणून त्यांनीच ते घातले असणार. ते गेले, त्यांचे ठोकळे मात्र माझ्या खांद्यावर बसून राहिले.

वॉचमनदादांना हाक मारली. ते एकेक कोपरा उचलत गेले, मी पायाने एकेक ठोकळा ढकलत गेले. चौथा निघाला आणि टेबल धप्पकन खाली आलं. मी इस्त्री तापायला ठेवली.

पहिल्या पाच चादरींना सवय होईना, इस्त्री आपटत होती. मग हात लागला. कोपर कमरेशी, खांदा जागच्या जागी, वजन इस्त्रीचं इस्त्रीनेच पेललं. पंधरा झाल्या. वीस झाल्या. पंचविसावीला मी कळ येण्याची वाट बघत होते. थोडी आली, खरं आहे, पण पाहुण्यासारखी आली नि गेली. धुलाईवाल्या दोघी मधूनमधून येऊन बघून जात होत्या, आता कुणी हसत नव्हतं. तिसाव्या चादरीला एक जण म्हणाली, "मावशी, पाणी आणू?" अडतिसावीला मीच मोठ्याने मोजायला लागले. चाळिसावीची कड आत खोचली तेव्हा सुट्टीला वीस मिनिटं होती आणि माझ्या डोळ्यांत पाणी. वाफेचं नव्हे, माझंच.

मुकादम आले. गठ्ठा मोजला. पुन्हा मोजला. मग टेबलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मान तिरकी करून पुन्हा टेबलाकडे.

"मावशी, हे टेबल बुटकं झालं का तुम्ही उंच झालात?"

मी वाकले, चारही ठोकळे उचलले आणि उजवा हात वर करून, अगदी त्यांच्या नाकासमोर, एकावर एक त्यांच्या हातात रचले.

"हे घ्या," मी म्हटलं. "अंगण वाकडंच होतं."

आणि एक्केचाळिसावी चादर ओढली.