ओरेस्टने टांगलेला हीटर

ओरेस्टला यंत्रांतलं सगळं कळतं. गावात कुणालाही विचारा. आणि नाही विचारलंत तरी तो स्वतःच सांगेल. त्याचं गॅरेज तीन गाड्या आणि वर एक ट्रॅक्टर मावेल एवढं मोठं. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या उणे तीस अंशांत तिथला पाना उघड्या हाताने उचलला, की कातडी त्याला चिकटून यायची.

त्या शरदात चर्च बंद झालं. माणसंच उरली नव्हती. चर्चबरोबर त्याखालचा हॉल गेला, आणि हॉलबरोबर बायकांचं शनिवारचं पिरोगी, म्हणजे पाण्यात उकळायच्या करंज्या, करणं. ओरेस्टची बायको नेटी तिथे चाळीस वर्षं पाऱ्यांत बटाट्याचं सारण भरून कडा चिमटत आली होती. आता शनिवार आला की ती खिडकीशी बसायची, आणि काय झालं विचारलं तर "काही नाही" म्हणायची. ओरेस्टला ते बघवेना.

"गॅरेजात करा की," तो एकदा म्हणाला.

"बोटं गळून पडतील आमची."

"ते माझ्यावर सोड."

झालं, स्वारी कामाला लागली. लांबी, रुंदी, उंची मोजून त्याने पंख्याचा सगळ्यात मोठा हीटर आणला. उत्तरेच्या कोपऱ्यात छताजवळ टांगला आणि ऊब पार मोठ्या दारापर्यंत पोचावी म्हणून त्याचं तोंड लांबलचक टेबलाच्या दिशेने केलं. टेबलाशी कोण कुठे बसणार, हे विचारायचं काही त्याला सुचलं नाही. ट्रॅक्टरला कधी विचारावं लागलं होतं?

त्यांचा युक्रेनी नाताळ सात जानेवारीचा, त्याच्या आधीच्या शनिवारी नेटी धरून सात जणी जमल्या. चौऱ्याऐंशीच्या स्टेफामावशीने आधी कोट उतरवला, मग स्वेटर.

"अरे ओरेस्ट, हे गॅरेज आहे का फ्लोरिडा?"

ओरेस्टची छाती इंचभर फुगली.

मग पहिला घाणा पाण्यात पडला. पिरोगींनी उकळत्या पाण्यात तोंडं उघडली आणि पातेल्यात बटाट्याची पेज झाली. दुसऱ्या घाण्याचं तेच. बायकांनी कडांना पाणी लावलं, जोर लावून चिमटलं, काही उपयोग नाही. सगळ्यात जास्त फुटल्या त्या नेटीच्या. स्टेफामावशी पातेल्यात बराच वेळ बघत राहिली.

"पीठ तेच, सारण तेच. हातच गेले आपले, बायांनो. आता पुरे."

कुणी हसलं नाही. नेटीने अ‍ॅप्रन सोडला, नीट घडी घातली आणि घरात निघून गेली. पाठोपाठ बाकीच्याही पांगल्या.

ओरेस्ट एकटाच टेबल पुसायला उरला. टोकाला, नेटीच्या जागी, एक पारी राहिली होती. उचलली तर तिची कड पापडासारखी कडक झालेली. शेजारच्या फडक्याचं टोक सारखं हलत होतं. त्याने टेबलावर हात धरला, तर तळव्याला वारा लागला. ओल्या फडक्याखाली झाकलेलं पीठ मात्र लोण्यासारखं मऊ होतं. त्याने मान वर करून हीटरकडे पाहिलं.

तो घरात गेला. नेटी हात मांडीवर ठेवून बसली होती.

"तुझे हात नाहीत गं. माझा हीटर. वाऱ्याने पाऱ्या वाळतायत."

तिने वरसुद्धा पाहिलं नाही. "सेहेचाळीस वर्षांत तू एक चूक कबूल केलेली नाहीस. आज दया आली म्हणून खोटं बोलू नकोस."

पहिलं वाक्य तर खरंच होतं. त्याने तिचा कोट आणला. "एकच कर. एकच. मग काय ते बोल."

हीटर बंद केल्यावर गॅरेज बघता बघता गारठलं. तोंडातून वाफ निघायला लागली. नेटीने कोट घालूनच पारी लाटली, सारण ठेवलं, दुमडली आणि सुजलेल्या सांध्यांच्या बोटांनी हळूहळू कड चिमटली. पिरोगी पाण्यात बुडाली. दोघं वाकून बघत राहिले. ती वर आली, गोल फिरली. कड जशीच्या तशी.

"थांब, अजून करते," नेटी म्हणाली. तिने आणखी तीन केल्या. तिन्ही मिटलेल्या राहिल्या.

"मी मूर्ख आहे," ओरेस्ट म्हणाला.

"ते मला माहीत होतं रे," ती म्हणाली, आणि बाहीने डोळे पुसताना गालभर पीठ लावून घेतलं.

स्टेफामावशीलाही त्याने फोनवर सगळं सांगितलं. तिने ते दोनदा म्हणायला लावलं. ऐकू कमी येतं म्हणे.

सोमवारी त्याने तो पंख्याचा हीटर उतरवला आणि बिनपंख्याचे, वरून उन्हासारखी ऊब देणारे तीन लांब हीटर आणले. शिडीला मात्र पाय लावला नाही. नेटीच्या हातात खडू दिला.

"कोण कुठे बसतं ते तू सांग. मग मी भोकं पाडतो."

तिने सिमेंटवर खुणा केल्या. स्टेफामावशी टोकाला, तिला सगळ्यांवर नजर ठेवायची असते. लाटणाऱ्या दोघी दाराकडे, त्या घामाघूम होतात. सहा खुणा झाल्या.

"आणि तू?"

ती गुडघ्यावर हात टेकून वाकली आणि मोठी फुली मारली.

"इथे. आणि माझ्यावरचा जरा खाली टांग. ही बोटं मला अजून पुष्कळ वर्षं लागणार आहेत."